जीर्णोद्धार आणि सत्य

मोडलेले सांधावे, पडलेले उभे करावे, बुजलेले उकरून प्रकाशात आणावे, ही कृत्ये आपण निरपवाद सत्कृत्ये समजतो. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यास आपल्याकडे पुण्यवान म्हणतात, आणि जुनी पोथी वाळवीच्या तोंडून सोडविणाऱ्यास विद्वान. या समजुतीत मोठे तथ्य आहे हे आम्हांस मान्य आहे. तथापि काही वर्षांपूर्वी एका आठ वर्षांच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नामुळे हा विषय आम्हांस वाटत होता तितका सरळ नसावा, अशी शंका मनात उत्पन्न झाली. आणि ती शंका पुढे आमच्याच घरच्या एका प्रकरणापर्यंत येऊन पोचल्यामुळे तिचा काही तरी निकाल लावणे आम्हांस प्राप्त झाले. तो निकाल आम्ही कसा लावला हे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस विल्टशायर परगण्यात एव्हबरी नावाचे एक खेडे आहे. आमचा पुतण्या ब्रिस्टल शहरी नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलो असता एके दिवशी तो आम्हांस व आपल्या मुलीस घेऊन तेथे गेला. या खेड्याची मौज अशी की, त्याचा बराचसा भाग जगातील सर्वांत मोठ्या पाषाणवर्तुळाच्या पोटात वसलेला आहे. बाहेरून खडूच्या मातीचा प्रचंड बांध, त्याच्या आत खंदक, आणि खंदकाच्या आतल्या काठाने एकामागून एक उभे केलेले ओबडधोबड दगड, अशी त्याची रचना आहे. बांधाचा व्यास सुमारे ४२० मीटर, आणि दगडांच्या बाह्य वर्तुळाचा सुमारे ३३० मीटर. या वर्तुळात मूळचे शंभराच्या आसपास दगड असावेत; त्याच्या आत आणखी दोन लहान वर्तुळे होती. काही दगडांचे वजन चाळीस टनांहून अधिक आहे. आज अर्धाअधिक बुजलेला तो खंदक मुळात नऊ-दहा मीटर खोल होता, आणि तो खणला गेला हरणांच्या शिंगांच्या कुदळींनी. कारण हे काम ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकातले असून त्याचा मोठा भाग पुरा झाला तेव्हा त्या बेटावर धातू पोचलाही नव्हता. ज्यांनी हे उभारले त्यांची भाषा कोणती, देव कोणते, स्वतःस ते काय म्हणवून घेत, यांपैकी एकही गोष्ट आज कोणास सांगता येत नाही. दगड मात्र उभे आहेत.

वर्तुळाच्या पश्चिमेकडील कडेने आम्ही चालत होतो. दोन दगडांच्या मध्ये एके ठिकाणी दगड नव्हता. त्याच्या जागी सिमेंट-काँक्रीटचा एक ठेंगणा, करड्या रंगाचा खांब रोवलेला होता. आजूबाजूच्या त्या भव्य शिळांमध्ये तो इतका विजोड दिसत होता की, मुलगी तेथे थबकली आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, हा खोटा दगड इथं कुणी ठेवला?" तिच्या वडिलांनी सांगितले की, येथला खरा दगड पूर्वी कोणी तरी फोडून टाकला, म्हणून खुणेसाठी हा लावला आहे. त्यावर ती म्हणाली, "मग खऱ्यासारखा का नाही केला?" आम्ही हसलो. प्रौढ माणसे उत्तर नसले म्हणजे हसतात. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर परत आला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या वर्तुळाचा इतिहास वाचणे आम्हांस भाग पडले.

तो इतिहास नुसता उभारणीचा नाही; मोडतोडीचाही आहे, आणि ती मोडतोड दोन प्रकारची आहे. चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी यांतील बरेच दगड पाडले व त्यांच्या बुंध्याशी खड्डे खणून ते त्यांत पुरून टाकले. हे कष्ट त्यांनी का घेतले असावेत? दगड पुरण्यापासून कोणाचे पोट भरत नाही. शेतजमीन मोकळी करणे हा एक हेतू असेल. परंतु परधर्मीयांच्या या अवशेषांविषयी त्या ख्रिस्ती खेडुतांच्या मनात भय असावे, असेच पुष्कळ अभ्यासकांना वाटत आले आहे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत भय ओसरले आणि उपयोग सुचला. दगडाखाली गवताचा जाळ करावयाचा, तो तापला म्हणजे वर थंड पाणी ओतावयाचे, आणि तडकलेल्या ठिकाणी घण घालावयाचा. या रीतीने शिळा फोडून त्यांची घरे, कुंपणे व भिंती बांधण्यात आल्या. आज त्या खेड्यातील कित्येक भिंती त्याच दगडांच्या आहेत. येथे एक विचित्र गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. ज्यांनी भयाने वा द्वेषाने दगड पुरले त्यांच्या हातून ते सुरक्षित राहिले. ज्यांच्या मनात दगडांविषयी कसलाच द्वेष नव्हता, ज्यांना केवळ घर बांधावयाचे होते, त्यांच्या हातून ते कायमचे गेले. कर्माचे फळ हेतूच्या मागे निमूटपणे चालत जाते, अशी आपली समजूत असते. परंतु इतिहास तिला वारंवार धक्का देतो.

हा विध्वंस चालू असताना तो पाहून हळहळणारा एक मनुष्य तेथे होता. १६४९ साली जॉन ऑब्री याने शिकारीच्या निमित्ताने जाता जाता हे स्थळ पाहून विद्वानांच्या नजरेस आणले होते. पण त्याची खरी बारकाईने मोजणी केली ती विल्यम स्ट्यूकली याने. १७१९ पासून पाच-सहा वर्षे तो तेथे येत राहिला, आणि कोणता दगड कोठे होता, तो कधी फोडला गेला, हे त्याने टिपून ठेवले. त्याची टिपणे नसती तर पुष्कळ दगडांचा मागमूसही आज लागला नसता. परंतु याच स्ट्यूकलीने पुढे धर्मदीक्षा घेतली, आणि प्राचीन ड्रुइड पुरोहितांच्या धर्मात ख्रिस्ती धर्माची पूर्वछाया होती, असे सिद्ध करण्याची उमेद बाळगली. एव्हबरीचे वर्तुळ व त्यास दोन अंगांनी येऊन मिळणारे पाषाणमार्ग मिळून एका महासर्पाची पवित्र आकृती होते, असे त्यास दिसू लागले. या सर्पाचे डोके म्हणजे जवळच्या टेकडीवरील एक लहानसे वर्तुळ. ते त्याने स्वतः मोजले होते आणि ते गोल होते. पण सर्पाचे डोके गोल शोभत नाही, म्हणून १७४३ साली छापलेल्या ग्रंथात त्याने ते लांबट काढले. ज्याने सत्य वाचविले त्यानेच ते वाकविलेही. आणि यात स्वार्थ तिळमात्र नव्हता; होती ती भक्ती.

ते लहान वर्तुळ १७२४ च्या सुमारास पार नाहीसे झाले होते. १९३० साली मॉड कनिंग्टन या बाईंनी स्ट्यूकलीच्याच नोंदींच्या आधारे ती जागा शोधून खणली, तेव्हा दगडांचे खळगे सापडले, आणि ते वर्तुळाकार होते! दोनशे वर्षांनी जमिनीने स्ट्यूकलीच्या ग्रंथाविरुद्ध व त्याच्याच टिपणांच्या बाजूने साक्ष दिली. तेथे उभे करण्यासारखे काहीच उरले नव्हते. म्हणून आज त्या टेकडीवर प्रत्येक खळग्याच्या जागी काँक्रीटच्या खुणा तेवढ्या आहेत. पाहणाऱ्यास ते दृश्य रुक्ष वाटते. पण त्यात खोटे असे काही नाही.

एव्हबरीच्या मोठ्या वर्तुळाचा जीर्णोद्धार केला तो अलेक्झांडर कीलर याने. स्कॉटलंडातील डंडी शहरच्या मुरंब्याच्या प्रसिद्ध व्यापारी घराण्याचा हा वारस. १९२४ साली एव्हबरीजवळच्या विंडमिल हिल टेकडीवर बिनतारी संदेशाचा मनोरा उभा राहणार होता. त्याविरुद्ध लढता लढता ती टेकडीच त्याने विकत घेतली, आणि मग वडिलार्जित पैसा या प्राचीन दगडांच्या पायी ओतला. १९३४-३५ मध्ये स्टुअर्ट पिगट यांच्या साहाय्याने त्याने पाषाणमार्गाचा काही भाग, व १९३७ पासून १९३९ पर्यंत मोठ्या वर्तुळाची पश्चिम बाजू खणून काढली. पुरलेले दगड तरफा, ओंडके व पोलादी दोर लावून वर काढले, त्यांचे मूळचे खळगे हुडकून त्यांत ते पुन्हा उभे केले. फुटलेले तुकडे सापडले तेथे ते सिमेंटाने सांधले. जेथे खळगा सापडला पण दगड नाही, तेथे त्याने नवा दगड बसविला नाही. आसपासच्या माळावर त्याच जातीचे सार्सन दगड पडलेले होते, आणि मनात आणता तर एखादा आणवून बसविणे त्याच्यासारख्या श्रीमंतास जड नव्हते. कोणास ओळखूही आले नसते. त्याने तेथे खांब रोवला, आणि तो कोणासही ओळखू यावा अशाच रूपाचा रोवला.

आता या कामावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की, जुने ते जुनेपणासकटच खरे. पडलेला दगड उभा केला की काळाने केलेले काम आपण पुसतो. इंग्लंडात १८७७ साली विल्यम मॉरिस याने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा मूळ रोख नवेपणा चढविणाऱ्या जीर्णोद्धारकांवरच होता. रक्षण करा, डागडुजी करा, पण होते तसे करण्याच्या भरीस पडू नका, असे त्या पक्षाचे म्हणणे. या आक्षेपाचे बळ पाहावयाचे असेल तर एव्हबरीहून अधिक प्रसिद्ध असे स्टोनहेंज पाहावे. ते अनादि काळापासून तसेच उभे आहे, अशा भावनेने लोक त्याचे चित्र भिंतीवर लावतात. वस्तुतः १९०१ साली तेथील एक कललेला प्रचंड खांब सरळ करून काँक्रीटमध्ये बसविण्यात आला. १७९७ साली कोसळलेली कमान १९५८ साली पुन्हा उभी करण्यात आली. १९६३ साली पडलेला एक दगड त्याच्या पुढल्या वर्षी परत उभारला गेला. हे करणाऱ्यांनी काही लपविले नाही, सर्व लेखी नमूद आहे. तथापि नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास ते दिसत नाही, आणि बहुतेक मनुष्ये नुसत्या डोळ्यांनीच पाहतात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. एव्हबरीच्या भूमीवर एकच भूतकाळ नाही. दगड उभारणारे एका काळचे, पुरणारे दुसऱ्या काळचे, फोडून घर बांधणारे तिसऱ्या काळचे. कीलरने दगड वर काढला तेव्हा त्याने पुरणाऱ्यांचे कृत्य रद्द केले. वर्तुळ मोकळे दिसावे म्हणून आतील काही घरे व गोठे पाडण्यात आले, आणि काही कुटुंबांस वर्तुळाबाहेर राहावयास जावे लागले. चार हजार वर्षांपूर्वीच्या अनामिकांचा मान राखण्यासाठी हयात माणसांच्या चुली हलविल्या गेल्या. भूतकाळाला पूर्वस्थितीवर आणावयाचे, तर कोणत्या पूर्वस्थितीवर, आणि ती ठरविणार कोण?

१९३८ सालची एक घटना या ठिकाणी सांगितली पाहिजे. पुरलेला एक दगड वर काढताना त्याखाली मनुष्याचा सांगाडा आढळला. त्याजजवळ एक कात्री, शस्त्रक्रियेची एक लोखंडी सळई आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चांदीची नाणी होती. हा कोणी फिरस्ता न्हावी-वैद्य असावा, दगड पुरण्याच्या कामी हात लावावयास आला असता तो दगडाखाली सापडून मेला असावा, अशी कथा रूढ झाली. सांगाडा लंडनला गेला, आणि १९४१ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला असे समजले जात होते. पण विसावे शतक संपता संपता तो एका संग्रहालयात सुरक्षित सापडला. पुन्हा तपासणी झाल्यावर, तो चिरडूनच मेला ही गोष्ट पूर्वीइतकी निश्चित राहिली नाही. म्हणजे गोष्ट आपण घडविली होती, आणि हाडे तीस पुरती रुजू होईनात. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हाडे जपली होती म्हणून गोष्ट दुरुस्त करता आली. गोष्ट जपून हाडे टाकली असती तर?

या दोन आक्षेपांस उत्तर शोधताना आम्हांस आपल्याकडील जीर्णोद्धाराची आठवण होणे साहजिक होते. आपल्याकडे भंगलेली मूर्ती विसर्जन करून नवीची प्राणप्रतिष्ठा करतात, आणि त्यात कोणी असत्य मानीत नाही. ते योग्यच आहे. कारण तेथे उपासना अखंड चालू असते, आणि जिवंत वस्तूला आपली कात टाकण्याचा अधिकार असतो. घरातील दिवा विझला तर घरच्याने तो पुन्हा लावावा. परंतु ज्या घरचे कोणीच उरले नाही, ज्या पूजेचा मंत्र कोणास येत नाही, तेथे आपण जाऊन दिवा लावला तर तो आपला दिवा होतो, त्यांचा नव्हे. एव्हबरीच्या बाबतीत आपण वारस नाही; फार तर विश्वस्त आहो. वारसाने वस्तू बदलली तरी चालते; विश्वस्ताने मात्र हिशेब दाखविला पाहिजे.

असा हिशेब दाखविणारे एक फार मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तीही एक जीर्णोद्धाराचीच कथा आहे. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी १९२५ साली तिची सूत्रे हाती घेतली आणि १९६६ साली ती पुरी झाली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्या कामी ताडून पाहण्यात आली. या आवृत्तीत जो शब्द संपादकांस पुरता निश्चित वाटला नाही, त्याच्या खाली नागमोडी रेघ आहे, आणि टाकलेले पाठ तळटीपांत नोंदलेले आहेत. ती रेघ पाहून रसिकाचा विरस होतो, यात संशय नाही. व्यासाच्या श्लोकाखाली संशयाची रेघ! परंतु ती रेघ म्हणजेच एव्हबरीचा काँक्रीटचा खांब होय. येथवर आम्ही जाणतो, येथून पुढे आम्ही तर्क करतो, आणि येथे आम्हांस काही ठाऊक नाही, हे तिन्ही वेगवेगळे ठेवणे यातच जीर्णोद्धारकाचे शील आहे. १९६४ साली व्हेनिस येथे पुरातन वास्तूंच्या रक्षणाचे जे नियम ठरले, त्यांतही जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, या अर्थाचे एक कलम आहे.

येथवर लिहिणे आम्हांस सोपे गेले. आता जे लिहावयाचे ते तितके सोपे नाही.

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका गावी शाळामास्तर होते. त्यांच्या मोडी लिपीतील रोजनिशीच्या चार वह्या आमच्या हाती आल्या त्या वाळवीने जागोजाग खाल्लेल्या. तरुणपणी मोठ्या उत्साहाने आम्ही त्यांचे बाळबोधीत लिप्यंतर केले, आणि घरातील मंडळींसाठी त्याची एक लहानशी पुस्तिका छापली. वाचताना ठेचा लागू नयेत म्हणून गेलेले शब्द आम्ही संदर्भाने भरले. कंस टाकले नाहीत; कंसांनी आजोबांचा सूर तुटतो असे वाटले. वह्या जीर्ण झाल्या होत्या, पुस्तिका छापून झाली होती. म्हणून वह्या आम्ही नदीत सोडल्या, आणि तेही श्रद्धेने.

त्या रोजनिशीत ऑगस्ट १९४२ मधील एक पान होते. रात्री बसून राजीनामा लिहिला, एवढे स्पष्ट होते. पुढच्या दोन ओळी वाळवीने नेल्या होत्या. आम्ही तेथे लिहिले की, सकाळी तो देऊन आलो. त्या दिवसांत दुसरे काय झाले असणार, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटले. ते वाक्य आमच्या घरात पाठ झाले. लग्नकार्यात ते सांगितले जाते. पुतण्याने आपल्या मुलीलाही ते सांगितले आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी जुन्या घराची आवराआवर करताना एका डब्यात पगाराच्या पावत्या सापडल्या. त्यांत त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्याची पावती होती, आणि तिजवर आजोबांची सही होती.

तेव्हा राजीनामा दिला गेला नव्हता. अथवा दिला असला तर परत घेतला होता. त्या दोन ओळींत काय होते हे आता कळण्याचा मार्ग नाही. घरी पाच मुले होती. आमच्या डोळ्यांपुढे कधी असे येते की, एक मनुष्य रात्री कंदिलाशी बसून राजीनामा लिहितो, आणि सकाळी निजलेल्या मुलांकडे पाहून तो घडी घालून वहीत ठेवतो, आणि मग हे सर्व आपल्या रोजनिशीत खरेखुरे लिहितो. परंतु हेही आमचेच चित्र. हाही आमचाच एक नवा दगड. खरे एवढेच की, तेथे दोन ओळी होत्या. वाळवीने त्या खाल्ल्या, त्यास कोणाचा इलाज नव्हता. त्या खाल्ल्याची खूण मात्र आम्ही पुसली. ज्या मनुष्याने आपले बरेवाईट स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, त्यास आम्ही वीर केले आणि त्याचा शब्द त्याच्यापासून हिरावून घेतला. आणखी वाईट असे की, त्या पुस्तिकेतील कोणते शब्द त्यांचे व कोणते आमचे, हे पुष्कळ ठिकाणी आता आमचे आम्हांसही सांगता येत नाही. स्ट्यूकलीने सर्पाचे डोके लांबट काढले, पण त्याची टिपणे शिल्लक होती आणि टेकडीखाली खळगे होते. आम्ही खळगेसुद्धा ठेवले नाहीत.

म्हणून जीर्णोद्धाराची पहिली कसोटी आम्हांस अशी वाटते की, आपल्या हाताची खूण दिसती राहावी, आणि आपली चूक काढणाऱ्यास वाट मोकळी राहावी. या कसोटीने पाहता पहिल्या आक्षेपाची धार बरीच कमी होते. दगड उभा करणे हे असत्य नव्हे; तो कधी पडलाच नव्हता असे भासविणे हे असत्य. दुसऱ्या आक्षेपास मात्र इतके सोपे उत्तर नाही. एक भूतकाळ निवडला की दुसऱ्यावर अन्याय होतोच, आणि ज्यांची घरे गेली त्यांचे समाधान आमच्या तत्त्वाने होणार नाही. तेथे एकच उपाय दिसतो, तो संयमाचा: जितके करता येते तितके सगळे करू नये.

या संयमाचे फळही एव्हबरीतच पाहावयास मिळते. १९३९ साली महायुद्धामुळे कीलरचे काम थांबले आणि वर्तुळाचा पूर्व भाग बराचसा तसाच राहिला. १९४३ साली ती जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. २००३ साली जमीन न खणता यंत्रांनी तिची चाचपणी केली, तेव्हा निदान पंधरा प्रचंड दगड अजून तेथे पुरलेले असल्याचे दिसून आले. ते आहेत हे ठाऊक आहे, उभे करण्याची साधने कीलरपेक्षा कितीतरी चांगली आहेत. तरी ते जमिनीतच राहू दिले आहेत. तसेच १९३९ साली दक्षिणेकडील आतल्या वर्तुळात कीलरला लहान दगडांची एक सरळ ओळ लागली होती, आणि तिचा अर्थ पुरता लागण्यापूर्वीच काम बंद पडले. २०१७ साली त्याच जागी यंत्राने पाहणी केली असता सुमारे तीस मीटर बाजूचा एक चौकोन दिसून आला. त्याच्या मध्यभागी याहूनही प्राचीन असे एखादे घर असावे व त्याच्या स्मरणार्थ हे सर्व वाढत गेले असावे, असा तर्क संशोधकांनी केला आहे. तर्क टिकेल वा न टिकेल. पण कीलरने घाईने ती सगळी भूमी उकरून आपल्या समजुतीप्रमाणे सजविली असती, तर हा तर्क करण्यास कोणास जागा राहिली नसती. स्टोनहेंजचीही अशीच एक गोष्ट आहे. १९५८ च्या दुरुस्तीत तडकलेल्या दगडास धातूचे गज घालण्यासाठी आरपार भोके पाडली. त्यांतून निघालेला दगडाचा एक दंडगोल त्या कामावरील एका मनुष्याने आठवण म्हणून जन्मभर जपला आणि २०१८ साली परत केला. त्याच्या पृथक्करणावरून २०२० साली असे ठरले की, तेथील बहुतेक मोठे दगड सुमारे पंचवीस किलोमीटरांवरील वेस्ट वुड्स या रानातून आणले होते. टाकाऊ म्हणून उरलेल्या तुकड्याने साठ वर्षांनी उत्तर दिले. उरलेले टाकू नये, एवढेच त्यावरून आम्ही शिकतो. नदीत तर मुळीच सोडू नये.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून आपण दूर ठेवू नये. विदर्भात नागपूरच्या आसपास शेकडो पाषाणवर्तुळे आहेत; एकट्या जुनापाणीस तीनशेच्या सुमारास आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने तेथे उत्खनन करून १८७९ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना युरोपातील तशाच खुणांशी केली. त्या साम्यावरून नाते जोडण्याचा मोह त्या काळी स्वाभाविक होता. पण पुढील संशोधनाने असे दिसते की, विदर्भातील वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे एव्हबरीहून हजारो नव्हे तरी दीड-दोन हजार वर्षांनी अलीकडची असून ती दफनांची आहेत. माहूरझरी येथे डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात मनुष्यांबरोबर पुरलेले घोडे व त्यांचे तांब्याचे शिरोभूषण सापडले. या वर्तुळांचे दगडही शेताच्या बांधाला, घराच्या पायाला, रस्त्याच्या भरावाला उपयोगी पडतात, आणि एव्हबरीच्या गावकऱ्यांप्रमाणेच आपल्याही कोणाच्या मनात त्यांविषयी द्वेष नसतो. आज त्यांचे रक्षण व्हावे, ही पहिली गोष्ट. उद्या त्यांचा जीर्णोद्धार करण्याची कोणास बुद्धी झालीच, तर नवे दगड आणून, गिलावा करून, देखणी वर्तुळे उभारू नयेत. जेथे दगड गेला तेथे गेला एवढे सांगणारी एखादी साधी खूण करावी, ही आमची विनंती आहे.

"मग खऱ्यासारखा का नाही केला?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या मुलीस देणे लागत होतो. गेल्या दिवाळीत ती येथे आली तेव्हा आम्ही तिला सांगितले की, खऱ्यासारखा केला असता तर तू हा प्रश्न विचारलाच नसतास. तिला ते पटले की नाही, कोण जाणे. मग पुस्तिकेची एक प्रत काढून ऑगस्ट १९४२ चे ते पान तिच्यापुढे ठेवले, पणजोबांच्या वडिलांची हकिकत पावतीसकट तिला सांगितली, आणि ते वाक्य आमचे आहे हेही सांगितले. तिने बराच वेळ विचार केला. नंतर पेन्सिल मागून घेतली, त्या वाक्याभोवती एक चौकोन काढला, आणि विचारले, "आणखी कुठं कुठं काढायचा?" आम्ही तिच्या शेजारी बसलो आणि पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला.